मोटीबेन आणि शेजाऱ्याची भिंत

ज्याचं घर बांधायचं त्याच्याकडे मोटीबेन कधी पहिला चहा घेत नसत. त्या आधी शेजाऱ्याकडे जात. मालक इकडे टेबलावर नकाशे पसरून, गाठिया-फरसाणाची बशी मांडून वाट बघत बसलेला असे, आणि या तिकडे शेजारच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून विचारत असत, "ही भेग कधीची? पावसाळ्यात वाढते का? दाराची कडी पहिल्यापासून अशीच अडते?" शेजारी बहुधा आधीच चिडलेला असे. बाजूचं घर पाडणार, धूळ उडणार, कैक महिने आवाज होणार, हे त्याला कळलेलं असे. पण चहा संपेपर्यंत तो स्वतःच उठून भेगा दाखवत घरभर फिरायला लागे, आणि मोटीबेन त्याच्यामागून प्रत्येक भिंतीवर तळहात ठेवत चालत असत, डॉक्टर पोटावर हात ठेवतो तसा.

मोटीबेन म्हणजे गुजरातीत थोरली बहीण. त्यांचं खरं नाव सुनंदा. जन्म बडोद्याचाच, घरची भाषा मराठी, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. काही वर्षं नोकरी केल्यावर त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं होतं. जिथे मोठं यंत्र पोचू शकत नाही तिथे खोल पाया घालायचा. जुन्या बडोद्यात अशा जागा पावलोपावली आहेत. रस्ता रिक्षापुरता, त्यातून फुटलेला खांचा, म्हणजे पुढे बंद होणारी गल्ली, जेमतेम स्कूटरपुरता, आणि त्या खांच्याच्या टोकाला कुणाला तरी चार मजले हवे असतात. मोटीबेनकडे जमिनीत भोकं पाडणारं एक बुटकं यंत्र होतं. ते सुटं करून, एकेक भाग खांद्यावर वाहून आत न्यायचा आणि आत जोडायचा. मग ताटलीएवढ्या रुंदीची खोल भोकं घ्यायची, त्यांत लोखंड सोडायचं, सिमेंट भरायचं. जमिनीखाली बारीक खांबांचं रान उभं राहतं आणि घर त्यावर बसतं. या बारीक खांबांना मायक्रोपाइल म्हणतात. मोटीबेनची माणसं त्यांना नुसतं 'सळ्या' म्हणत.

ही माणसं दाहोदकडची. त्यांचे मुकादम गेमलभाई. मोटीबेन हे नाव त्यांनीच पाडलं होतं आणि ते साऱ्या शहराने उचललं. मी कामाला लागले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'नानीबेन' करून टाकलं. गुजरातीत नानी म्हणजे लहान, पण प्रतापनगरला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, बडोद्यात नव्यानेच आलेल्या आईने ते फोनवर ऐकलं आणि हिंदीतली नानी समजून घाबरून विचारलं, "तुला आजी कोण म्हणतंय?"

मोटीबेनची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. डिप्लोमा आणि दोन ठिकाणचा अनुभव घेऊन मी गेले होते, तर त्यांनी मला यंत्राजवळ उभंच राहू दिलं नाही. "शेजारच्या घरात जाऊन बस," म्हणाल्या. "यंत्राजवळ यंत्र कळत नाही. भिंतीपलीकडे ते कसं ऐकू येतं ते ऐक." मी दिवसचे दिवस परक्या घरांत बसून काढले. मसाल्याच्या डब्यांची झाकणं वाजतात का, देवघरातली घंटी आपोआप हलते का, पाण्याच्या पेल्यावर तरंग उठतात का, एवढंच बघायचं. आवाज बदलला तर गेमलभाईंना सांगायचं. आणि कुणीही, अगदी सिमेंट कालवणाऱ्या बाईनेही, 'बंद' म्हटलं की यंत्र थांबलंच पाहिजे, का म्हटलं ते नंतर विचारायचं, हा त्यांचा एकच नियम होता. तो मोडणाऱ्याला त्या ओरडत नसत. दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत.

गोड स्वभावाच्या त्या मुळीच नव्हत्या. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायच्या नाहीत. कौतुक तर त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. ओढणी कमरेला बांधून, कॅनव्हासचे बूट घालून त्या जागेवर उभ्या राहिल्या की मालकलोक अदबीने बोलत आणि पाठ फिरली की कुरकुरत. 'बेन फार घाबरट आहे,' हे मी कितीदा ऐकलं. एकदा हिय्या करून मी त्यांना विचारलं, शेजाऱ्यांचं एवढं का करता? आम्ही त्यांच्या गाडीत बसून डबा खात होतो. त्या म्हणाल्या, "मी लहान असताना आमच्या शेजारी बांधकाम झालं. दणदण पाया ठोकला. आमच्या झोपायच्या खोलीची भिंत इथून तिथपर्यंत चिरली. आई पुढची कितीतरी वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून झोपायची, म्हणजे हललीच तर आपल्याला आधी दिसेल." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "भिंतीचं काही नाही गं. एकदाही कुणी विचारायला आलं नाही."

दांडिया बाजारच्या मागे एका खांच्यात परेशभाईंचं काम आलं ते या सगळ्याची परीक्षा घ्यायला. परेशभाई दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर तीन मजले घर, अशी त्यांची इच्छा. जुनं घर पाडून झालं होतं. एका बाजूला मोकळी जागा, आणि दुसऱ्या बाजूला तात्या आणि इंदूकाकूंचं दुमजली, चिंचोळं घर. दोन्ही घरांची भिंत सामाईक. परेशभाईंचं घर गेल्यावर ती भिंत उघडी पडली होती. तिच्यावर पाडलेल्या घराच्या फडताळांचे, जिन्याचे, देवाच्या कोनाड्याचे ठसे तसेच होते, आणि ती लाकडी टेकूंवर कशीबशी तोललेली होती.

परेशभाई माणूस वाईट नव्हते, पण घाईत होते. "बेन, मारी पासे टाइम नथी," हे त्यांचं पालुपद. मोटीबेननी त्यांना समोर बसवून सगळे पर्याय सांगितले. मोठी रिग, म्हणजे भोकं पाडणारं मोठं यंत्र, खांच्यात वळणारच नाही. खांब ठोकून बसवले तर शेजारची भिंत दणक्यांनी पडेल. वर वर पाया घ्यावा, तर खाली खूप खोलपर्यंत नुसता भराव, जुन्या विटा, राख, खापऱ्या, काळी माती. चार मजल्यांचं ओझं ती पेलणार नाही. माणसं उतरवून विहिरीसारखे खड्डे खणता येतात, आणि परेशभाईंना कुणीतरी तेच सुचवलं होतं.

"ते मी करत नाही," मोटीबेन म्हणाल्या.

"का? बाकीचे करतात."

"भरावात माणूस उतरवला आणि कडा ढासळली तर त्याला वर काढायला मला जागा नाही. आणि तो खड्डा शेजारच्या भिंतीखालची माती ओढून घेईल. सळ्यांनी वेळ लागेल. पण सगळे जिवंत राहतील."

परेशभाई हसले. त्यांना ती अतिशयोक्ती वाटली. पण त्यांनी मान डोलावली.

मग नेहमीप्रमाणे आम्ही शेजारी गेलो. तात्या म्हणजे शाळेतले निवृत्त पी.टी.चे शिक्षक. तरुणपणी आखाड्यात गाजलेले, मल्लखांबावर तर त्यांचं नाव होतं. खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाही, आणि हा माणूस वरच्या मजल्यावरच्या खोलीत खाटेला खिळला. अंगाने अजून भक्कम, आवाज अजून मैदानावरचा. त्यांची खाट नेमकी सामाईक भिंतीला लागून होती. मोटीबेननी विचारलं, "तात्या, इथे कुठे जुनी विहीर होती का?"

"होती ना. यांच्या पुढच्या अंगणात. मी पाच-सहा वर्षांचा असताना बुजवली."

आम्ही पुढच्या अंगणात शोधलं, चाचणीची भोकं घेतली. काही सापडलं नाही. मोटीबेनचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी खांच्यातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारलं. एकाला विहीरच आठवत नव्हती. दुसऱ्या आजींनी हात उचलून साऱ्या खांच्यावरून फिरवला, "अहीं ज क्यांक," इथेच कुठेतरी.

तात्यांच्या घरात जिथे जिथे भेगा होत्या तिथे आम्ही काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. भेग जराही रुंदावली की काच तडकते. पुढच्या बाजूच्या सळ्या सुरळीत झाल्या. दिवाळीनंतरचे दिवस, हवा कोरडी, काम वेगात. मी इंदूकाकूंच्या स्वयंपाकघरात बसून काचांवर नजर ठेवत असे. इंदूकाकू पोळ्या लाटता लाटता विचारत, "आज कुठवर गेलं गं खाली?" जणू कुणी प्रवासाला निघालं होतं.

मग यंत्र मागच्या कोपऱ्याजवळ आलं. भोक पाडताना वरून पाणी सोडतात, ते खालची माती घेऊन गढूळ होऊन वर येतं. पाणी परत येतंय तोवर सगळं ठीक. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. इंदूकाकू वर तात्यांचं ताट आणायला गेल्या होत्या. मी मोरीकडच्या भिंतीसमोर होते. यंत्राचा आवाज एकाएकी हलका झाला, जणू त्याला खाली काही लागतच नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर काच तडकली. फार बारीक आवाज झाला, बांगडी पिचते तसा.

मी दाराकडे धावले आणि 'बंद' म्हणाले, पण त्याच्या आधीच यंत्र थांबलं होतं. गेमलभाई भोकाकडे बघत उभे होते. मोटीबेन गुडघ्यांवर बसल्या होत्या.

"पाणी गयुं," गेमलभाई म्हणाले.

पाणी वर यायचं थांबलं होतं. ते खाली कुठेतरी पोकळीत जात होतं. विहीर पुढे नव्हतीच. ती मागे होती, सामाईक भिंतीच्या खाली, आणि कुणीतरी कधीकाळी ती कचऱ्याने आणि विटांच्या तुकड्यांनी बुजवून वर भिंत चढवली होती. आता आमच्या पाण्याने तो कचरा बसत चालला होता आणि भिंतीचा आधार सुटत होता.

मोटीबेन उठल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. "गेमलभाई, जॅक आणि टेकू आत घ्या. पाणी बंद. पाइप जिथे आहे तिथेच राहू दे. नानी, घर रिकामं कर."

इतक्यात परेशभाई आपल्या सध्याच्या दवाखान्यातून आले. त्यांनी टेकू आत जाताना पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "बेन, यंत्र मागे घ्या. पाइप खेचून काढा आणि भोक बुजवून टाका. वरून मातीच घाला."

"पाइप काढला तर त्याच्याभोवतीची सगळी माती खाली जाईल. आता तोच ती धरून आहे. याच पाइपातून पातळ सिमेंट-वाळू सोडून विहीर भरायची. पण आधी वरचा माणूस खाली आला पाहिजे."

आणि वरचा माणूस खाली यायला तयार नव्हता. मी जिना चढून गेले तेव्हा इंदूकाकू रडकुंडीला आल्या होत्या. तात्या भिंतीला पाठ टेकून ताठ बसले होते. "मला मढ्यासारखं चौघांच्या खांद्यावरून नेऊ नका," ते म्हणाले. "सगळा खांचा बघतोय. मी इथेच आहे. पडायची असेल तर पडू दे."

मी विनवण्या केल्या. इंदूकाकूंनी शपथ घातली. खालून लाकूड लोखंडावर घासल्याचे आवाज येत होते, आणि छताच्या फळ्यांमधून मातीची बारीक धार तात्यांच्या चादरीवर पडायला लागली होती. ती त्यांनी हाताने झटकली आणि पुन्हा ताठ बसले. आपल्याला ती दिसली, हे कबूल करायची त्यांची तयारी नव्हती.

मोटीबेन वर आल्या. त्यांनी धार पाहिली, तात्यांना पाहिलं, आणि आम्हा दोघींना बाहेर जायला सांगितलं. दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. जिन्याच्या तोंडाशी इंदूकाकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. थोड्या वेळाने आतून तात्यांचा आवाज आला, खणखणीत.

"मुकादमाला बोलवा. आणि माझी लाकडी खुर्ची आणा."

गेमलभाई आणि तिघं जण वर आले. यंत्राचे भाग वाहायला वापरतो त्या जाड पट्ट्यांनी त्यांनी तात्यांना खुर्चीला बांधलं. जिना इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस उतरेल, मध्यावर वळण, कठडा एकाच बाजूला. त्या जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आली आणि तात्यांनी ताबा घेतला.

"पुढचे दोघं, गुडघे वाकवा. पाठ नाही, गुडघे. डावा पाय आधी. थांबा. श्वास घ्या. आता उजवा."

दाहोदच्या माणसांना मराठी फारसं येत नव्हतं, पण त्या आवाजाला भाषा लागत नव्हती. एकेक पायरी. वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला. खालून काहीतरी करकरलं आणि सगळे जागच्या जागी थिजले. गेमलभाईंच्या कपाळावरचा घाम तात्यांच्या हातावर टपटपत होता. तात्या अगदी शांतपणे म्हणाले, "घाई नाही. मागच्याने वर उचला. एवढंच. शाब्बास." खुर्ची सुटली. आम्ही खांच्यात आलो तेव्हा माणसं दोन्ही बाजूंना सरकून उभी राहिली. कुणी हसलं नाही. तात्या खुर्चीवर ताठ बसून, मैदानावरून रांग नेल्यासारखे गेले.

मग मोटीबेननी सगळ्यांना खांच्याच्या तोंडापाशी घालवलं आणि स्वतः तात्यांच्या रिकाम्या स्वयंपाकघरात गेल्या. मी दारात उभी राहिले. त्या भिंतीवर हात ठेवून सांगणार, मी ते ओरडून गेमलभाईंना सांगणार, गेमलभाई पंप चालू-बंद करणार. सिमेंट-वाळू भराभर सोडली तर तिच्या दाबाने भिंत बाहेर ढकलली जाणार, फार सावकाश सोडली तर तोवर खालचा आधार संपणार.

"भरा."

"थांबा."

"अजून थांबा. भरा. हळू."

भेगेच्या दोन्ही काठांवर त्यांनी पेन्सिलीने रेघा काढल्या होत्या आणि त्यांची नजर त्या दोन रेघांवरून हलत नव्हती. परेशभाई खांच्याच्या तोंडाशी डोकं धरून बसले होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. उन्हं समोरच्या गच्चीवर चढली होती. एकदम मोरीकडचा कोपरा खाली बसला, भिंतीचा एक तुकडा आत कोसळला, आणि धुळीने मला मोटीबेन दिसेनाशा झाल्या.

मी हाक मारली. उत्तर आलं नाही. मी पाऊल आत टाकलं तर धुळीतून आवाज आला, "आत येऊ नकोस. पंप बंद करू देऊ नकोस. भरत राहा."

त्या बाहेर आल्या तेव्हा नखशिखांत पांढऱ्या झाल्या होत्या. मोरी गेली होती, ओट्याची एक बाजू गेली होती. पण मुख्य भिंत टेकूंवर उभी होती, आणि दिवेलागणीच्या सुमाराला पाइपाच्या भोवती ओलं सिमेंट वर आलं. विहीर भरली होती. मोटीबेन यंत्राच्या लोखंडी पायावर बसल्या आणि कुणीतरी दिलेलं पाणी प्यायल्या. त्यांच्या दातांवर पेला वाजत होता. ते मी पाहिलं, पण थकव्याने असेल असं मला वाटलं.

तात्या-इंदूकाकूंना त्यांच्या पुतण्याकडे नेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांचे कपडे आणि औषधं पोचवायला गेले तेव्हा तात्यांनीच विषय काढला. "तुझ्या मॅडमनी मला काय सांगितलं माहितीये? मला वाटलं, या मला समजावणार, नाहीतर दम देणार. खाटेच्या कडेला बसल्या, माझ्यापुढे हात धरले. थरथरत होते. म्हणाल्या, तात्या, मला भीती वाटतेय. तुम्ही वर असाल तर माझं चित्त तुमच्यापाशी राहील आणि खाली माझी चूक होईल. माझ्या माणसांनी लोखंड उचललंय, माणूस कधी उचललेला नाही. त्यांना कसं उतरायचं ते तुम्ही शिकवा. मला मदत करा." तात्यांनी मांडीवरची चादर सारखी केली. "खाटेला लागल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं गं. सगळे नुसते द्यायला यायचे."

यानंतर मोटीबेनच्या वाट्याला फार चांगलं काही आलं नाही. परेशभाईंनी काम थांबवलं. 'बेननी शेजारचं घर पाडलं,' अशी बातमी शहरभर झाली, आणि आधी जे त्यांना घाबरट म्हणत तेच आता बेफिकीर म्हणायला लागले. हातातली दोन कामं गेली. मोटीबेननी कुणाला खुलासा दिला नाही. त्या रोज खांच्यात येत, तात्यांच्या भिंतीखाली तिरक्या सळ्या घालून ती पक्की करत, मोरी पुन्हा बांधत. "विहीर मला सापडायला हवी होती," एवढंच त्या म्हणत. मला ते पटत नसे. त्यांना मात्र ते मनापासून वाटत होतं आणि त्यांची झोप उडाली होती, हे डोळ्यांवरून दिसे.

परेशभाईंनी दुसऱ्या एकाला आणलं. तो जागा बघून म्हणाला, मी करतो, पण शेजाऱ्यांची संमती आणा. परेशभाई इंदूकाकूंकडे गेले. इंदूकाकू उभ्या आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोलल्या नसतील. त्यांनी परेशभाईंना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मोटीबेन करणार असतील तरच. नाहीतर आमच्या भिंतीला हात लावायचा नाही." परेशभाई त्याच संध्याकाळी मोटीबेनच्या दारात आले. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मोटीबेननीच म्हटलं, "सोमवारपासून येते." ते घर उभं राहिलं. तात्याही आपल्या घरी परतले, यावेळी खालच्या खोलीत, खिडकीपाशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ताठ चालायला सांगत असतात.

पुढचा पावसाळा संपल्यावर मला सुरतेला पुलाच्या कामावर नोकरी चालून आली. मोठ्या रिग, मोठे खांब, मोकळी जागा. मला जायचं नव्हतं. मोटीबेननी मला हाकललंच म्हणायचं. "जा. अरुंद गल्लीत फार वर्षं राहिलं की माणूसही अरुंद होतो," म्हणाल्या. निघायच्या दिवशी त्या स्टेशनवर आल्या नाहीत. गेमलभाईंच्या हाती शेवेचं पाकीट पाठवलं, आणि निरोप: पोचल्यावर आधी आसपासच्या वस्तीत फिरून ये.

दीड-दोन वर्षांनी सकाळीच गेमलभाईंचा फोन आला. मोटीबेन बाथरूममध्ये पडल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या वाचल्या. महिना-दीड महिन्याने मी बडोद्यात तरसालीला त्यांच्या फ्लॅटवर गेले तेव्हा त्यांची धाकटी बहीण नागपूरहून येऊन राहिली होती. मोटीबेन उशांना टेकून बसल्या होत्या, खूप लहान झालेल्या. मला ओळखलं. "जेवलीस?" म्हणाल्या, आणि त्या एका शब्दाला त्यांना बराच वेळ लागला.

बहिणीने स्वयंपाकघरात नेऊन मला सांगितलं, बोलणं थोडं थोडं परत येतंय, पण नुसतं मराठी. लहानपणीचं, घरातलं. गुजराती पार गेलंय. बोलताही येत नाही, कळतही नाही. डॉक्टर म्हणतात असं होतं कधीकधी, परत येईल किंवा येणार नाही.

गेमलभाई बाहेरच्या जिन्यावर बसले होते. यंत्र विकलं गेलं होतं. ते आता दुसऱ्याकडे कामाला होते, पण रोज काम सुटलं की तरसालीला येत. वीस-बावीस वर्षं या दोघांनी एकमेकांशी गुजरातीखेरीज कुठली भाषा वापरली नव्हती. आता ते काही बोलले की मोटीबेन त्यांच्या तोंडाकडे नुसत्या बघत राहत, ओळखीचं हसत, आणि मग कावऱ्याबावऱ्या होत. तरी ते येत होते. बहिणीकडून त्यांनी शब्द गोळा केले होते. पाणी, औषध, उशी, बरं आहे का. ते शब्द त्यांच्या दाहोदी जिभेवर वेगळेच होऊन निघत.

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. मग ते गुजरातीतच म्हणाले, "नानीबेन, संध्याकाळ झाली की बेन घाबरतात. छताकडे बघत राहतात. मी जवळ बसतो, 'बीक ना राखो' म्हणतो. ते पोचत नाही त्यांच्यापर्यंत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते तुमच्या भाषेत कसं म्हणायचं?"

मी सांगितलं, "घाबरू नका."

"घाबरू नका," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, प्रत्येक अक्षर जपून. बाहेर दिवे लागायला लागले होते. ते उठले, चपला दाराशी काढल्या आणि ओठांतल्या ओठांत तेच म्हणत आत गेले.